कॅन्सरचे उपचार संपले, आता फाईल कोणाच्या हातात? तरुणांचे आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला सतत विचारले जातात. बरेचसे उपचार संपवून घरी आलेल्या विशी-तिशीतल्या मुलामुलींचे असतात, काही आईवडिलांचे, भावंडांचे, मित्रांचे. चोविसाव्या वर्षी मला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर झाला. दर २१ दिवसांनी एक अशा केमोच्या ६ सायकल (फेऱ्या) झाल्या. त्या चार महिन्यांपेक्षा नंतरची दोन वर्षं मला जड गेली, आणि त्याबद्दल आधी कोणी काही सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. औषधं आणि तपासण्या यांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

शेवटची केमो झाली, घरात सगळे खूश आहेत. मग मलाच का रडू येतंय?

उपचार चालू असतात तेव्हा दिवस आखलेले असतात. रक्त कधी द्यायचं, गोळी कधी घ्यायची, ताप कधी बघायचा, सगळं ठरलेलं. रडायलाही सवड नसते. मग एक दिवस डॉक्टर हसून म्हणतात, ‘आता तीन महिन्यांनी या.’ इतके दिवस चोवीस तास कोणाचं ना कोणाचं लक्ष होतं, ते एकदम संपतं. मागे राहिलेलं सगळं तेव्हा वर येतं.

माझ्या फोनवर सकाळी ८ आणि रात्री ८ ला ताप बघण्याचा गजर लावलेला होता. केमोच्या दिवसांत ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइटच्या) वर गेला की थेट हॉस्पिटल गाठायचं, असा नियम होता. उपचार संपल्यावर चार महिने तो गजर वाजत होता आणि मी तो बंद करत नव्हते. रोज थर्मामीटर तोंडात धरून बसायचे. ताप नसायचाच.

फिट्झह्यू मुलन या अमेरिकी डॉक्टरांना वयाच्या ३२व्या वर्षी कॅन्सर झाला होता. १९८५ मध्ये त्यांनी मांडलं की ‘बरा झाला’ आणि ‘बरा झाला नाही’ असे दोनच कप्पे करून चालत नाही. निदान आणि उपचारांचा एक काळ असतो, उपचार थांबल्यावर धास्तीत जाणारा दुसरा, आणि हळूहळू स्थिरावण्याचा तिसरा. तुम्ही आता दुसऱ्या काळात आहात. यात रडू येणं अगदी साहजिक आहे.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, उठावंसं वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना सांगा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणाला तरी सांगा.

तरुणांसाठी वेगळं लिहिण्याची गरज काय? कॅन्सर तर कोणालाही होतो.

कॅन्सरच्या क्षेत्रात साधारण १५ ते ३९ हा वयोगट वेगळा धरला जातो. काही देशांत वरची मर्यादा २४ पर्यंतच असते. याच वयात माणूस घरातून बाहेर पडतो, पहिली नोकरी धरतो, कोणाच्या तरी प्रेमात पडतो. नेमका तेव्हाच आजार येतो आणि त्याला परत आईच्या खोलीत आणून झोपवतो. साठीतल्या माणसाला परतायला स्वतःचं घर, काम, माणसं असतात. बाविशीतल्याचं तसलं काही अजून उभंच राहिलेलं नसतं. बरोबरीचे तोवर पुढे गेलेले असतात, आणि हॉस्पिटलच्या रांगेत आपल्या वयाचं कोणी दिसत नाही.

मुलगा बरा होऊन घरी आलाय. आम्ही आईवडिलांनी आता नेमकं काय करायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून उत्तर लांबलंय.

माझी फाईल बाबांकडे असायची. जाडजूड, कडा मऊ पडलेली, तारखेप्रमाणे लावलेली. डॉक्टरांनी मला काही विचारलं की उत्तर बाबा द्यायचे, कारण आकडे त्यांना पाठ होते. उपचार चालू असताना ते योग्यच होतं, मला तेव्हा बसवतसुद्धा नव्हतं. पण पुढे वर्षभर फाईल त्यांच्याच काखेत राहिली. एका फॉलो-अपला डॉक्टरांनी विचारलं, ‘शेवटचा स्कॅन कधी झाला?’ आणि मी मान वळवून बाबांकडे पाहिलं. मी पंचवीस वर्षांची होते.

म्हणून माझं सांगणं असं की आजारपणात तुम्ही मुलाच्या हातातून जे जे काढून घेतलंत, ते एकेक करून परत द्या. सगळं एकदम देऊ नका, तेही झेपत नाही. आधी गोळ्या त्याच्या त्याला घेऊ द्या. मग तपासणीची वेळ त्याला ठरवू द्या. मग फाईल. मग खोलीचं दार लावायची मुभा, आणि आत जाताना टकटक करण्याची तुमची सवय. घरातलं एखादं कामही परत द्या. भांडी घासायची पाळी परत आली त्या दिवशी मी कुरकुर केली होती आणि आतून सुखावले होते.

डॉक्टरांकडे बरोबर जा, पण दहा मिनिटं बाहेर बसा. लैंगिक संबंध, गर्भनिरोधन, सिगारेट, उदासी हे विषय आईवडिलांसमोर कोणी काढत नाही, आणि काढले नाहीत तर राहूनच जातात.

‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न दिवसातून एकदाच. दहाव्यांदा विचारलं की त्यात मुलाला तुमची भीती ऐकू येते, मग तो ‘बरं वाटतंय’ एवढंच म्हणायला शिकतो. खरोखर दुखलं तरीही तेच म्हणतो, आणि ते धोक्याचं आहे.

तुमची भीती खरी आहे. ती बोलायला तुमचं स्वतःचं माणूस शोधा: एखादा भाऊ, मैत्रीण, समुपदेशक. ती मुलाच्या अंगावर घालू नका.

फाईल ताब्यात घेतली, पण तीनशे पानं आहेत. त्यातलं कामाचं काय?

उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून उपचारांचा सारांश लिहून मागा. एक-दोन पानं पुरतात. मला तो आपणहून कोणी दिला नाही, तीन खेपा घालून मिळवावा लागला. त्यात आजाराचं नेमकं नाव आणि टप्पा, प्रत्येक औषधाचं नाव आणि एकूण डोस, रेडिएशन शरीराच्या कोणत्या भागाला आणि किती, शस्त्रक्रिया कोणत्या, आणि पुढे कोणती तपासणी कधी, एवढं हवं.

डोस कशाला हवा, असं लोक विचारतात. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध हृदयाच्या स्नायूंवर परिणाम करू शकतं आणि तो धोका एकूण डोसाबरोबर वाढत जातो. २५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर किंवा त्याहून जास्त मिळालं असेल तर धोका जास्त मानतात. माझ्या कागदावर ३०० आहे. म्हणून मला ठरावीक काळाने इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा लागतो, आणि गरोदर राहायचं ठरलं तर आधी हृदय तपासून घ्यावं लागेल. हे मला त्या कागदामुळे कळलं.

ब्लिओमायसिन मिळालं असेल तर पुढे कोणत्याही ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञाला ते सांगावं लागतं, कारण जास्त ऑक्सिजनने फुप्फुसांना इजा होण्याची भीती असते. सिसप्लॅटिनने ऐकू येण्यावर आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉईडची तपासणी दरवर्षी. जास्त स्टेरॉइड घेतलेल्याला खुब्याच्या सांध्यात दुखायला लागलं तर ते अंगावर काढू नये. लहानपणी किंवा तरुणपणी छातीला रेडिएशन झालेल्या मुलींसाठी स्तनांची तपासणी वयाच्या २५व्या वर्षी किंवा रेडिएशननंतर ८ वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी सुचवली जाते. इतर बायकांपेक्षा ती पुष्कळ आधी सुरू होते, आणि नवीन डॉक्टरांना तुम्ही सांगितल्याशिवाय ते कळणार कसं?

त्या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

थकवा जातच नाही. घरचे म्हणतात, आराम कर. आराम करून आणखी थकवा येतो.

बरोबर ओळखलंत. हा थकवा झोपून जात नाही. आंघोळ करून आल्यावर पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं, तो हा. काहींचा काही महिन्यांत ओसरतो, काहींना वर्षाहून जास्त पुरतो.

आधी त्यामागे दुसरं काही नाही ना, ते बघून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉईड, झोप, नैराश्य. हे सगळं ठीक असेल तर ज्यावर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो उपाय व्यायामाचा. आठवड्यातून ३ दिवस, ३० मिनिटं, थोडा दम लागेल असं चालणं किंवा सायकल, किमान १२ आठवडे. अर्थात पहिल्या दिवशी ३० मिनिटं होत नाहीत. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यापासून सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी तेवढंही झालं नाही. तिसऱ्या दिवशी झालं. हृदयावर किंवा हाडांवर परिणाम झालेला असेल, तर सुरू करण्याआधी विचारून घ्या.

आणि चांगल्या दिवशी सगळी कामं उरकू नका. पुढचे तीन दिवस त्याची परतफेड करावी लागते.

शब्द आठवत नाहीत, पुस्तकाचं एक पान तीनदा वाचावं लागतं. माझी बुद्धी गेली का?

नाही. उपचारांनंतर लक्ष न लागणं, ओळखीचा शब्द ओठांवर अडणं, दोन कामं एकत्र न जमणं हे पुष्कळांना होतं. बहुतेकांचं वर्षभरात बरंच सुधारतं, काहींचं रेंगाळतं. तोवर स्मरणशक्तीची परीक्षा घेत बसू नका, लिहून ठेवा. एका वेळी एकच काम. अभ्यास पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत. परीक्षेला जास्त वेळ मागता येत असेल तर जरूर मागा.

हातापायांना मुंग्या येतात, बटणं लागत नाहीत.

व्हिनक्रिस्टीन, पॅक्लिटॅक्सेल, सिसप्लॅटिन अशा औषधांनी नसांना इजा होते. महिनोन्‌महिने लागतात, पण बऱ्याच जणांच्या नसा सावरतात. मला शर्टाचं वरचं बटण लावायला आरशासमोर पाच मिनिटं लागायची. बोटांना कापड कळायचंच नाही, नुसतं डोळ्यांनी बघून लावायचं. फिजिओथेरपीचा उपयोग होतो. तळपाय बधिर असतील तर गाडी चालवण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण ब्रेक पायाला कळावा लागतो. अनवाणी फिरू नका.

कॉलेज किंवा नोकरी कधी सुरू करू? आणि किती सांगू?

तारीख कोणी देऊ शकत नाही. पण पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ जाणारे बरेचदा महिन्याभरात कोलमडतात, हे मी पाहिलंय. अर्धे दिवस, आठवड्यातून तीनदा, असं सुरू करता येतं का ते आधी बोलून घ्या. बोलताना आजाराचं वर्णन कमी आणि मागणी स्पष्ट ठेवा. ‘मला जमेल तसं करीन’ यातून वरिष्ठांना काहीच कळत नाही. ‘पहिले सहा आठवडे दुपारी दोनपर्यंत येईन, महिन्यातून एकदा तपासणीला सुट्टी लागेल’ हे कळतं.

किती सांगायचं हे तुमच्या हातात आहे. ज्याच्याकडून सवलत हवी आहे त्याला पुरेसं सांगावं लागतं, बाकीच्यांना सांगण्याची सक्ती नसते. मुलाखतीत मधल्या वर्षाबद्दल विचारलं तर एक वाक्य तयार ठेवा: ‘तब्येतीमुळे वर्षभर थांबावं लागलं, आता पूर्णवेळ काम करू शकते.’ आणि लगेच कामाच्या विषयावर या. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी वीस मिनिटं आजाराची हकीकत सांगत बसले. समोरच्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं, आणि नोकरी दुसऱ्याला दिली.

कायदा देशागणिक वेगळा आहे. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने कॅन्सरच्या रुग्णाला निदानाच्या दिवसापासून अपंगत्वाचं संरक्षण आहे आणि बरं झाल्यावरही भेदभाव करता येत नाही. आपल्या ठिकाणी काय आहे ते रुग्णालयातल्या समाजसेवकांना विचारा. अशी माणसं बहुतेक मोठ्या रुग्णालयांत असतात, पण त्यांच्याकडे कोणी फारसं जात नाही.

मी शिक्षक आहे. विद्यार्थिनी परत वर्गात येतेय, मी काय करू?

ती येण्याआधी तिलाच विचारा की वर्गाला काय सांगायचं. मग तेवढंच सांगा. पहिल्या दिवशी टाळ्या वाजवून स्वागत करू नका, बहुतेकांना ते नको असतं. बसायची जागा दाराजवळ असली तर मध्येच उठून जाणं सोपं होतं.

जिवलग मित्र गायब झाले. मी काय चुकलो?

तुमचं काही चुकलं नाही. पंचविशीतल्या पोरांना मृत्यूबद्दल बोलायची सवय नसते. काय बोलावं सुचत नाही म्हणून ते आज-उद्या करतात, आणि मग इतका उशीर होतो की तोंड दाखवायची लाज वाटते. एखाद्याला आपणहून साधा निरोप पाठवून बघा, ‘शनिवारी फिरायला येतोस का?’ काही परत येतील, काही येणार नाहीत. न आलेल्यांचं दुःख होतं, आणि ते बराच काळ राहतं.

मित्रांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी: ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणू नका, कोणी सांगत नाही. सरळ वेळ ठरवून दारात उभे राहा. आणि आजार सोडून दुसऱ्या कशावर तरी बोला.

याच वयात यातून गेलेल्या दुसऱ्या कोणाशी एकदा तरी बोला. तुमच्या डॉक्टरांना किंवा नर्सना विचारलं तर ते दोघांची संमती घेऊन गाठ घालून देऊ शकतात. मला अशी एक मुलगी भेटली. पहिल्या पाच मिनिटांत आम्ही भुवया परत कधी उगवल्या यावर बोलत होतो, आणि घरच्यांपैकी कोणालाच हा विषय सुचला नव्हता.

जोडीदाराला कधी सांगायचं?

पहिल्या भेटीत सांगायची गरज नाही. भविष्याच्या गोष्टी सुरू होण्याआधी मात्र सांगायला हवं, विशेषतः मूल होण्याचा प्रश्न असेल तर. घरच्यांनी परस्पर सांगू नये आणि परस्पर लपवूही नये. सांगायचं तिने किंवा त्याने, आपल्या तोंडाने. ऐकून कोणी निघून गेलं तर ते लागतं, हे खरं आहे.

शारीरिक संबंधांत कोरडेपणा, वेदना, ताठरता न येणं, इच्छाच न होणं, यातलं काहीही उपचारांमुळे होऊ शकतं आणि बहुतेकांवर इलाज आहेत. डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही, तेव्हा तुम्ही विचारा.

मला मूल होईल का?

हे औषधांवर, डोसावर, रेडिएशनच्या जागेवर आणि वयावर अवलंबून आहे. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं बीजांडकोश आणि वृषण या दोन्हींवर परिणाम करतात. पुरुषांना वीर्यतपासणीतून अंदाज येतो, स्त्रियांना एएमएच नावाच्या रक्ततपासणीतून. पाळी परत सुरू झाली म्हणून सगळं पूर्ववत झालं असं समजू नका. काहींची रजोनिवृत्ती लवकर येते, त्यामुळे वेळ कमी असू शकतो. उलट पाळी थांबली म्हणून गर्भ राहणारच नाही असंही धरून चालू नका, गर्भनिरोधन वापरा. उपचारांनंतर किती थांबायचं हे आजारावर ठरतं, साधारण सहा महिने ते दोन वर्षं सांगितली जातात.

स्तनाच्या कॅन्सरनंतर पाच-दहा वर्षं हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी घेणाऱ्या मुलींना वाटतं की मूल विसरायचं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२ वर्षांपर्यंतच्या सुमारे ५०० स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन मग ती दोन वर्षांपर्यंत थांबवली. पहिल्या साधारण तीन वर्षांत त्यांच्यात कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पुढचा पाठपुरावा सुरू आहे. मात्र गोळी आपल्या मनाने थांबवू नका.

आजार आनुवंशिक प्रकारचा नसेल, तर आईबापांच्या कॅन्सरमुळे मुलाला कॅन्सर होण्याचा धोका वाढत नाही. हे विचारताना लोकांचा आवाज कापतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

परत झाला तर? प्रत्येक डोकेदुखीला तेच मनात येतं.

ही धास्ती जवळजवळ सगळ्यांना असते आणि स्कॅनच्या आधीच्या आठवड्यात ती कळसाला पोचते. मी त्या आठवड्यात मोठे निर्णय घेत नाही. रिपोर्ट कधी, कसा आणि कोणाकडून कळणार हे आधीच विचारून ठेवते, कारण ताटकळत बसणं सगळ्यात वाईट. स्कॅनच्या दिवशी संध्याकाळी काहीतरी ठरवलेलं असतं, रिपोर्ट काहीही येवो.

लक्षणांसाठी एक नियम मला उपयोगी पडतो. नवीन दुखणं दोन आठवड्यांत गेलं नाही, किंवा वाढत गेलं, तर डॉक्टरांना फोन. नवीन गाठ, कारण नसताना उतरलेलं वजन, रात्री कपडे भिजवणारा घाम, धाप, रक्त पडणं, यासाठी मात्र दोन आठवडेही थांबू नका. भीतीने रोजचं जगणंच अडत असेल, तर विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या समुपदेशनाचा यासाठी फायदा होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे.

केस, वजन, व्रण. आरशात बघवत नाही.

केस बहुधा महिना-दोन महिन्यांत दिसू लागतात, कधी आधीपेक्षा कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे. स्टेरॉइडमुळे वाढलेलं वजन उतरायला वेळ लागतो. ‘जीव वाचला हे काय कमी आहे?’ असं कृपा करून कोणी म्हणू नका. जीव वाचल्याचा आनंद आणि गेलेल्या केसांचं दुःख एकाच माणसाला एकाच वेळी होतं.

दारू-सिगारेट?

सिगारेट आणि तंबाखू पूर्ण बंद. दारू जितकी कमी तितकी चांगली.

लसी घेता येतात का?

फ्लूसारख्या निष्क्रिय लसी बहुतेकांना चालतात, उलट घ्याव्यातच. जिवंत विषाणूंच्या लसी केमोनंतर किमान तीन महिने टाळतात, आणि बोन मॅरोचं (मूळपेशींचं) प्रत्यारोपण झालं असेल तर साधारण दोन वर्षं. विचारल्याशिवाय घेऊ नका.

विमा आणि कर्ज?

अर्जावर आजाराबद्दल विचारलं असेल तर खोटं लिहू नका, पुढे दावाच नाकारला जातो. काही देशांत कायदा बदलतो आहे. फ्रान्समध्ये उपचार संपून ५ वर्षं झाली आणि आजार परतला नाही, तर कर्जाच्या विम्यासाठी जुना कॅन्सर सांगावा लागत नाही. तिथे आधी ही मुदत १० वर्षं होती, २०२२ मध्ये ती कमी झाली. उपचार संपल्याच्या तारखेचा लेखी दाखला मात्र जपून ठेवा, तो कुठेही लागतो.

धाकट्या बहिणीला काय वाटत असेल?

तिला विचारा. आजारपणात तिची परीक्षा, तिचा वाढदिवस, तिचं आजारी पडणंसुद्धा बाजूला राहिलेलं असतं, आणि तक्रार करायची तिला चोरी. एक दिवस फक्त तिच्यासाठी काढा.

पाच वर्षं झाली. आता तपासण्या बंद केल्या तर चालेल?

आजार परतलाय का हे बघणाऱ्या तपासण्या कमी होतात, काही बंदही होतात. पण उपचारांचे काही परिणाम, हृदय, थायरॉईड, हाडं किंवा रेडिएशनच्या जागी नवीन कॅन्सर, दहा-वीस वर्षांनीही दिसू शकतात. म्हणून सारांशाच्या कागदावर लिहिलेल्या तपासण्या चालू ठेवायच्या, मोठं रुग्णालय सुटलं तरी नेहमीच्या डॉक्टरांकडे. शहर बदललं, डॉक्टर बदलले, तर पहिल्याच भेटीत तो कागद समोर ठेवा. आणि पुढच्या इकोची तारीख तुमच्या फोनमध्ये टाका, बाबांच्या नको.